बिऱ्हाड आणि मोटारीची जागा

बदलीच्या गांवीं बिऱ्हाड शोधावयास निघालेला गृहस्थ एके काळीं तीन प्रश्न विचारीत असे : पाणी किती वेळ येतें, शेजार कसा आहे, आणि शाळा किती लांब आहे. ह्या प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं कीं तो भाड्याच्या गोष्टी काढी. आज ह्या तिहींच्या आधीं एक चौथा प्रश्न येऊन बसला आहे. 'गाडी कोठें उभी करावयाची?' हा तो प्रश्न होय. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत तो विचारला असतां कोणास नवल वाटत नाहीं. लहान गांवांत मात्र तो ऐकतांच घरमालक हंसतो आणि म्हणतो, 'अहो, हें का पुणें आहे? लावा कोठेंहि!' अनुभव असा कीं, ह्या 'कोठेंहि' चा अर्थ पुष्कळदां 'कोठेंच नाहीं' असा निघतो.

लहान गांवांत जागा मुबलक असते, ही समजूत अर्धीच खरी आहे. मोकळी जागा असते ती गांवाच्या कडेला. जुन्या वस्तींत ती नसते. त्या वस्तीचे रस्ते पायीं चालणारा माणूस, घोडा, पालखी आणि फार तर बैलगाडी ह्यांच्या मापानें झालेले आहेत. सातारा जिल्ह्यांतील वाईचेंच उदाहरण घ्यावें. २०११ च्या जनगणनेप्रमाणें सुमारें ३६ हजार वस्तीचें हें गांव कृष्णेच्या कांठीं वसलेलें आहे. घाट, देवळें, रास्ते घराण्यानें बांधलेलें ढोल्या गणपतीचें भव्य मंदिर, जुने वाडे आणि त्यांमधून वळणें घेत गेलेल्या आळ्या हें त्याचें वैभव. गणपती आळी, मधली आळी, रामडोह आळी ह्या नांवांतच रस्त्याची रुंदी सांगितलेली आहे. त्यांत पांचगणी-महाबळेश्वरास जाणाऱ्या प्रवाशांची वर्दळ ह्याच गांवावरून. सिद्धनाथवाडी, सोनगीरवाडी, यशवंतनगर ह्या बाजूंस नवीं घरें व इमारती उठल्या आहेत. परंतु बाजार, देवळें आणि जुनी वस्ती आहे तेथेंच आहे. ज्या गांवाला एवढा इतिहास आहे, त्या गांवांत मोटारीला जागा मिळण्यास थोडी खटपट पडणारच.

समजा, एका बँकेंतील अधिकाऱ्याची पुण्याहून अशा गांवीं बदली झाली. घरांत पत्नी, शाळेंत जाणारी मुलगी आणि वृद्ध आई. आईचीं मूत्रपिंडें दुबळीं झालेलीं असल्यामुळें आठवड्यांतून दोन वेळां तिला रक्तशुद्धीसाठीं साताऱ्यास न्यावें लागतें. अंतर सुमारें ३५ किलोमीटर. पहांटे निघावयाचें आणि दुपारीं थकलेल्या आईला सांभाळून परत आणावयाचें. अशा घरांत मोटार ही चैन राहत नाहीं. आईच्या औषधांपैकींच ती एक होऊन बसते. ती दाराशीं उभी आहे, कीं दोन आळ्या पलीकडे उभी आहे, ह्यावर त्या घराचे आठवड्यांतील दोन दिवस सुखाचे होणार कीं हालाचे, हें ठरतें. असा गृहस्थ घर शोधूं लागला म्हणजे त्याच्या वाट्यास काय येतें, हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम घर कळतें कसें, हें पाहूं. लहान गांवांत घराची बातमी पाटीपेक्षां तोंडानें अधिक फिरते. वाणी, दूधवाला, इस्त्रीवाला, शाळेचा शिपाई ह्यांना कोणाचा वरचा मजला रिकामा झाला हें आधीं ठाऊक असतें. अलीकडे एजंटहि झाले आहेत. ते बहुधा एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली घेतात. परंतु एजंटानें दाखविलेल्या घराचीसुद्धां खरी माहिती कोपऱ्यावरच्या वाण्याकडेच मिळते. घरमालक पाण्याविषयीं जें सांगतो आणि वाणी जें सांगतो, त्या दोहोंत पुष्कळ अंतर असूं शकतें. गाडीच्या जागेविषयीं तर असतेंच. म्हणून घर पाहून झाल्यावर समोरच्या दुकानांत पाव किलो साखर घ्यावी आणि सहज विचारावें, 'मागचे भाडेकरू गाडी कोठें लावीत?' ह्या एका प्रश्नाचें उत्तर दहा आश्वासनांहून मोलाचें असतें.

ह्या ओळखीपाळखीच्या रीतींत गोडवा आहे तसा एक दोषहि आहे, आणि तो झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. घरमालक माणसाची चौकशी करतो तेव्हां नोकरी कोणती, माणसें किती, हें विचारणें योग्यच आहे. परंतु आडनांव ऐकतांच 'जागा कालच गेली' असें सांगण्याची चाल अजून पुरी गेलेली नाहीं. ज्या घरांत माणसाला जागा देतांना जात पाहिली जाते, त्या घरीं त्याच्या गाडीला जागा मिळेल कीं नाहीं, हा प्रश्न उद्भवतच नाहीं. सुशिक्षित घरमालकांनीं तरी ही चाल आपल्या दारांतून घालवून द्यावयास पाहिजे.

आतां घरांकडे वळूं. अशा गांवांत भाड्याचीं घरें बहुधा तीन प्रकारचीं आढळतात.

पहिलें घर जुन्या आळींतील वाड्यांत. भाडें बेताचें, भिंती जाड, उन्हाळ्यांत गारवा, बाजार हांकेच्या अंतरावर. आंतला फरसबंद चौक पाहिला कीं चार गाड्या सहज राहतील असें वाटतें. परंतु चौकाच्या आधीं दरवाजा आहे आणि दरवाजाला उंबरा आहे. उंबरा काढून तेथें उतरण केलेली असली, तरी दुसरी अडचण उरते. वाडा पुष्कळदां भाऊबंदांच्या समाईक मालकीचा असतो. खोल्या वांटून घेतलेल्या, चौक मात्र सर्वांचा. ज्या भावानें खोल्या भाड्यानें दिल्या तो मोकळ्या मनानें म्हणतो, 'अंगण आपलेंच आहे, साहेब.' ह्या 'आपलें' मध्यें पुण्यास असलेला धाकटा भाऊ, मागच्या सोप्यांत राहणारी चुलती आणि वांटणीचा दावा लावून बसलेला पुतण्या हे सारे येतात. वैशाखांत चुलतीचीं वाळवणें चौकांत पडतात. भाद्रपदांत सारे भाऊबंद गणपतीसाठीं आपापल्या गाड्या घेऊन येतात. त्या वेळीं भाडेकरूची गाडी प्रथम बाहेर निघते, आणि तक्रार करावयास त्याच्या हातीं कांहीं नसतें. कारण एका भावाची परवानगी ही साऱ्या भावांची परवानगी नव्हे. म्हणून वाड्यांत जागा घेतांना चौकावर ज्यांचा ज्यांचा हक्क आहे त्यांची संमति आहे कीं नाहीं, हें आधीं विचारून घ्यावें.

दुसरें घर गांवाबाहेरच्या नव्या वस्तींतील बंगल्याचा वरचा मजला. खालीं घरमालक स्वतः राहतात. येथें फाटक रुंद असतें, गाडी आंत जाते, आणि घर पाहतांना काकू चहाहि देतात. अडचण पुढें येते. घराच्या कडेनें जी अरुंद जागा सोडलेली असते तींत एकीमागें एक अशाच दोन गाड्या राहतात. आंतली गाडी काढावयाची तर बाहेरची आधीं काढली पाहिजे. आठवड्यांतून दोन दिवस पहांटे साडेपांचला ज्याला निघावयाचें आहे, त्यानें मालकांना हांक मारावी कशी? 'काका, जरा गाडी काढतां का?' हें वाक्य पहिल्या आठवड्यांत सौजन्याचें वाटतें, तिसऱ्या महिन्यांत तें उपद्रवाचें वाटूं लागतें. दोन्ही पक्ष सज्जन असूनहि संबंध आंबतात. उपाय साधा आहे. जो पहांटे निघतो त्याची गाडी फाटकाजवळ, आणि जो उशिरां निघतो त्याची आंत, हें पहिल्याच दिवशीं ठरवावें. परंतु असें ठरविण्यासाठीं आपलें वेळापत्रक घर घेण्यापूर्वींच सांगावें लागतें, आणि बहुतेक भाडेकरू भाडें वाढेल किंवा घर हातचें जाईल ह्या भीतीनें तें सांगत नाहींत.

तिसरें घर नव्या इमारतींतील सदनिका. खालचा मजला खांबांवर उभा, आणि खांबांमध्यें गाड्या. हें घर शहरांतून आलेल्या माणसाला ओळखीचें वाटतें. म्हणूनच तो येथें फसतो. खांबांमधील जागा दिसली म्हणजे ती त्या सदनिकेची आहे असें होत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट २०१० मध्यें मुंबईंतील एका सहकारी गृहसंस्थेच्या खटल्यांत असा निर्णय दिला कीं, इमारतीखालील खांबांमधील जागा ही इमारतीचा समाईक भाग आहे. बांधकाम करणाऱ्याला ती निराळी विकतां येत नाहीं. सहकारी संस्थेंत अशा जागांचें वाटप संस्था आपल्या उपविधींप्रमाणें करते, आणि जागा थोड्या व मागणारे अधिक झाले म्हणजे चिठ्ठ्या टाकण्याची पाळी येते. सदनिकेच्या मालकाला जो हक्क नाहीं तो त्याच्या भाडेकरूला कोठून मिळणार? त्यांतून पुष्कळ लहान इमारतींत संस्थेची नोंदणीच झालेली नसते. तेथें पहिला येईल त्याची जागा, हाच नियम. अशा ठिकाणीं संस्थेच्या चिटणीसांना, अथवा संस्था नसल्यास निदान दोन जुन्या रहिवाशांना भेटून, 'ह्या सदनिकेच्या नांवावर जागा आहे का, आणि ती कोणती?' हें विचारणें अगत्याचें आहे.

कोणी सुचवितात, घाटाजवळच्या मोकळ्या जागेंत गाडी लावावी. उन्हाळ्यांत हें सुचणें स्वाभाविक आहे. परंतु नदीकांठच्या गांवांत नदीची जागा नदीला मोकळी ठेवावी लागते. वरच्या बाजूस धोमचें धरण आहे. जोराच्या पावसांत त्याचें पाणी सोडलें म्हणजे घाटाच्या पायऱ्या पाण्याखालीं जातात. पावसाळ्याच्या रात्रीं पुराचा इशारा ऐकून गाडी हलविण्यासाठीं धांवणें, हें ज्याच्या घरीं आजारी माणूस आहे त्याला परवडणारें नाहीं.

जागा आहे असें ठरल्यावर ती पुरते का, हें पाहिलें पाहिजे. येथें डोळ्यांवर विसंबूं नये; टेप घेऊन मोजावें. महाराष्ट्रांत मुंबई वगळून बहुतेक ठिकाणीं लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमांत मोठ्या मोटारीच्या जागेचें माप २.५ मीटर रुंद व ५ मीटर लांब असें धरलेलें आहे. आजची लहान मोटार चार मीटरांहून किंचित कमी लांबीची आणि सुमारें पावणेदोन मीटर रुंदीची असते. म्हणजे दोन मीटरांच्या जागेंत ती शिरते. परंतु तिचें दार उघडत नाहीं. तरुण माणूस अंग चोरून बाहेर येईल. गुडघे न वाकणारी, हातावर पट्टी बांधलेली वृद्ध आई कशी येईल? मागचें दार पुरतें उघडून, काठी टेकून, दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून ती उतरूं शकते कीं नाहीं, ही त्या जागेची खरी परीक्षा. म्हणून घर पाहण्यास जातांना गाडी घेऊनच जावें, ती प्रत्यक्ष त्या जागेंत उभी करावी, आणि ज्याच्यासाठीं ती आहे त्याला तींतून उतरवून पाहावें.

घर दिवसां पाहिलेलें असलें तरी एकदां रात्रीं नऊनंतरहि पाहावें. दिवसां रिकामी दिसणारी गल्ली रात्रीं भरून जाते. बाजाराच्या दिवशीं एक फेरी मारावी. डोक्यावर नारळाचें झाड आहे का, पावसाचें पाणी कोठें सांचतें, गटारावरील फरशी गाडीचें वजन सोसेल का, फाटकासमोर विजेचा खांब वळणांत येतो का, ह्या गोष्टी बारीक दिसतात. पण पुढें रोज त्यांच्याशींच गांठ असते.

आतां लेखी कराराची गोष्ट. लहान गांवांत लेखी करार मागणें म्हणजे अविश्वास दाखविणें, असें पुष्कळांस वाटतें. 'एवढ्याशा गोष्टीला कागद कशाला, साहेब?' असें घरमालक म्हणतो, आणि भाडेकरूला संकोच पडतो. वस्तुतः कायद्यानें हा संकोच कधींच दूर केलेला आहे. ३१ मार्च २००० पासून अंमलांत आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ह्याच्या कलम ५५ प्रमाणें भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असला पाहिजे व त्याची नोंदणी झाली पाहिजे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. इतकेंच नव्हे, तर नोंदलेला करार नसल्यास, अटींविषयीं भाडेकरू जें सांगेल तें, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें धरलें जातें. अकरा महिन्यांचा करार केला म्हणजे नोंदणी लागत नाहीं, ही समजूत महाराष्ट्रांत चुकीची आहे. कागद भाडेकरूइतकाच मालकाचेंहि रक्षण करतो. कारण लायसन्सची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याला कलम २४ प्रमाणें दुप्पट दरानें भरपाई द्यावी लागते.

परंतु करार होतो तेव्हां त्यांत खोल्या, भाडें, अनामत, विजेचें बिल हें सारें लिहिलें जातें आणि गाडीची जागा राहून जाते. छापील मसुद्यांत फार तर 'पार्किंगसह' एवढा एक शब्द असतो. तो पुरेसा नाहीं. जागा कोणती, तिची लांबी-रुंदी किती, ती एकट्याची कीं समाईक, दुचाकी निराळी लावावयाची काय, मालकांचे पाहुणे आले तर कोणाची गाडी हलावयाची, आणि जागेचें भाडें घरभाड्यांतच धरलें आहे कीं निराळें, ह्या सहा गोष्टी चार ओळींत मावतात. विजेची गाडी असेल तर तिच्यासाठीं विजेची जोडणी व तिचें बिल ह्यांचीहि एक ओळ घालावी. कराराला जागेचा साधा नकाशा जोडला तर आणखी उत्तम. तोंडी शब्द देणारा माणूस प्रामाणिक असतो. परंतु तो आजारी पडतो, परगांवीं जातो, घर मुलाच्या स्वाधीन करतो. त्याचा शब्द त्याच्याबरोबर जातो, कागद मागें राहतो.

येथवर घरमालक आणि भाडेकरू ह्या दोघांचाच विचार झाला. गल्लींत तिसराहि एक पक्ष असतो, आणि तो म्हणजे रस्त्यावरून चालणारा. गाडीला जागा नसलेलें घर घेणारा माणूस गाडी विकून टाकीत नाहीं. तो ती आळींत उभी करतो. तीन मीटरांच्या आळींत एक मोटार उभी राहिली म्हणजे रुग्णवाहिका, अग्निशामक बंब आणि अंत्ययात्रा ह्या तिहींची वाट अडते. आज ज्याच्या आईला त्रास होऊं नये म्हणून गाडी दाराशीं लावली, त्याच्याच शेजाऱ्याच्या आईसाठीं आलेली रुग्णवाहिका उद्यां आळीच्या तोंडाशीं थांबून राहते. जपाननें १९६२ सालींच असा कायदा केला कीं, गाडी ठेवावयास जागा आहे असें पोलिसांचें प्रमाणपत्र असल्याशिवाय मोटारीची नोंदणी होऊं नये. ती जागा घरापासून दोन किलोमीटरांच्या आंत असावी लागते. तेथेंहि लहान गांवांतील लहान मोटारींना सवलत ठेवलेली आहे. महाराष्ट्रांत असा नियम करण्याचा विचार २०२५ सालीं परिवहन मंत्र्यांनीं बोलून दाखविला. कायदा होवो अथवा न होवो, त्यामागील तत्त्व सोपें आहे : रस्ता ही कोणाच्याहि घराची पडवी नव्हे.

ह्यावर मार्ग नाहींत असें नाहीं. मंगल कार्यालयाचें आवार, बंद पडलेली गिरणी, रिकामा भूखंड अशा जागा लहान गांवांत असतात, आणि त्यांचे मालक मासिक भाड्यानें गाडी ठेवूं देतात. जुन्या वाड्यांतील घर आवडलें असेल व चालण्याची शक्ति असेल, तर अशी जागा निराळी घेणें शहाणपणाचें. ज्याचें काम बाजार, बँक आणि शाळा एवढ्यांतच आहे, त्यानें गाडीविना राहतां येईल काय, ह्याचाहि विचार करावा; छत्तीस हजार वस्तीचें गांव पायीं ओलांडतां येतें. आणि नवीं घरें बांधणाऱ्यांनीं हें ध्यानांत धरावें कीं, दाराशीं एका गाडीची प्रशस्त जागा सोडली तर त्या घराला चांगला भाडेकरू लवकर मिळतो व तो पुष्कळ दिवस टिकतो.

उदाहरणांतल्या त्या कुटुंबानें अखेर कोणतें घर घ्यावें? वाड्याचें भाडें सर्वांत कमी, सदनिकेचा दिवाणखाना सर्वांत मोठा. परंतु त्यांच्या दृष्टीनें बंगल्याचा तळमजला मिळाला तर उत्तम. तो न मिळाल्यास, थोड्या पायऱ्यांचा वरचा मजला, फाटकाजवळील ठरलेली जागा, आणि 'आठवड्यांतून दोन दिवस पहांटे गाडी निघेल' ही करारांतील एक ओळ. ती ओळ लिहावयास सांगतांना आईच्या आजाराची गोष्ट मालकांना सांगावी लागेल. ती सांगण्यांत कमीपणा नाहीं. आजार लपवून घेतलेल्या घरांत पहिल्याच पहांटे इंजिनाचा आवाज ऐकून कपाळाला आठी पडते. सांगून घेतलेल्या घरांत तोच आवाज ऐकून वरच्या आजी निघाल्या हें खालच्या काकूंस कळतें, आणि दुपारीं त्या परत येतील तेव्हां फाटक उघडें ठेवलेलें असतें. जो मालक हें ऐकून कुरकुर करील, त्याचें घर कितीहि चांगलें असलें तरी तें त्या कुटुंबाचें नव्हे. आणि हें घर घेण्यापूर्वीं कळलें तर त्यांत लाभच आहे.